ग्रेड कमी आली, आता दुसऱ्या कॉलेजात घेतील का?



कॉलेजचे निकाल लागायला लागले की आमच्या रेडिओ केंद्रावर एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी कधी आई असते, कधी सासू, कधी मुलगी स्वतः. शब्द वेगळे असतात, पण काळजी तीच असते. "पोरीला एका विषयात कमी ग्रेड आली. आता तिला दुसऱ्या गावच्या कॉलेजात घालायचं होतं. घेतील का? का वर्ष वाया गेलं?"

कॉलेज बदलायची कारणं आपल्याला माहीत आहेत. मुलीचं लग्न ठरतं आणि सासर दुसऱ्या जिल्ह्यात असतं. वडिलांचं काम बदलतं. गावाची एसटी बंद होते आणि रोजचं जाणं-येणं जमत नाही. वसतिगृहात जागा मिळते ती दुसऱ्याच शहरात. अशा वेळी शिक्षण चालू ठेवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे कॉलेज बदलणं.

आणि नेमकी याच वेळी गुणपत्रकावर एक कमी ग्रेड येते. मग घरात बोलणं सुरू होतं. "तिचं डोकं चालत नाही." "कोण घेतंय आता हिला?" "दोन वर्षं शिकली तेवढं पुष्कळ झालं." कॉलेजला विचारायच्या आधीच घरात निकाल लागतो आणि मुलगी घरी बसते. म्हणून आज आपण हा विषय नीट उलगडून पाहणार आहोत. कमी ग्रेड म्हणजे काय, तिचं नुकसान खरंच किती, आणि कॉलेज बदलताना प्रवेश खरा कशामुळे अडतो, हे समजून घेऊ.

कमी ग्रेड आणि नापास, या दोन गोष्टी वेगळ्या

आपल्या वेळी गुणपत्रकावर आकडे असायचे. शंभरापैकी बावन्न, शंभरापैकी अडतीस. आता त्याच्या शेजारी अक्षरंही असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ पासून जी पद्धत सांगितली, तीत दहा गुणांची शिडी आहे. सगळ्यात वर 'ओ', त्याला १० गुण. मग 'ए प्लस' ९, 'ए' ८, 'बी प्लस' ७, 'बी' ६, 'सी' ५ आणि 'पी' ४. त्याखाली 'एफ', त्याला शून्य. परीक्षेला गैरहजर असेल तर 'एबी', त्यालाही शून्य. काही विद्यापीठांत एखादं अक्षर इकडंतिकडं असतं, पण शिडी साधारण अशीच.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. 'पी' म्हणजे पास. ही शिडीची सगळ्यात खालची पायरी खरी, पण ती पासाचीच पायरी आहे. 'सी' आणि 'पी' मिळालेली मुलगी त्या विषयात उत्तीर्ण आहे. नापास म्हणजे फक्त 'एफ', किंवा गैरहजर.

आमच्याकडे येणाऱ्या फोनमध्ये पुष्कळ वेळा असं निघतं की मुलीला 'पी' किंवा 'सी' आहे आणि घरात सगळे समजून बसलेत की ती नापास झाली. म्हणून पहिलं काम हे, की गुणपत्रक हातात घ्यायचं आणि अक्षर बघायचं. खाली 'उत्तीर्ण' असं लिहिलं आहे का, की 'एटीकेटी' असं लिहिलं आहे, तेही बघायचं. एटीकेटी म्हणजे एखाद-दुसरा विषय राहिला असला तरी पुढच्या वर्गात बसायची परवानगी. राहिलेला विषय पुन्हा परीक्षा देऊन सोडवायचा असतो.

एका ग्रेडने सरासरी किती खाली येते?

दुसरी भीती सरासरीची. "सगळी सरासरी खाली आली असेल." चला, हिशोब करून बघू. बचत गटाचं पुस्तक लिहिणाऱ्या बाईला हा हिशोब अवघड नाही.

प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. मराठीत त्यांना श्रेयांक म्हणतात. क्रेडिट म्हणजे त्या विषयाचं वजन. भाजणीत ज्वारी चार वाट्या आणि उडीद एक वाटी घातले, तर ज्वारी खराब निघाली तर भाजणी जास्त बिघडते, उडीद खराब निघाले तर कमी. तसंच हे. चार क्रेडिटच्या विषयात ग्रेड कमी आली तर परिणाम जास्त, दोन क्रेडिटच्या विषयात आली तर कमी.

समजा एका मुलीच्या सहामाहीला सात विषय आहेत. चार विषय चार-चार क्रेडिटचे, तीन विषय दोन-दोन क्रेडिटचे. एकूण २२ क्रेडिट झाले. चार क्रेडिटच्या विषयांत तिला 'ए', 'बी प्लस', 'बी' आणि अर्थशास्त्रात 'पी' मिळाली. प्रत्येक ग्रेडच्या गुणाला क्रेडिटने गुणायचं. आठ चोक ३२, सात चोक २८, सहा चोक २४ आणि चार चोक १६. दोन क्रेडिटच्या तीन विषयांत 'ए', 'बी प्लस' आणि 'ए' आहेत, म्हणजे १६, १४ आणि १६. सगळ्यांची बेरीज १४६. तिला २२ ने भागलं की ६.६४ येतात. ही त्या सहामाहीची सरासरी. गुणपत्रकावर तिला 'एसजीपीए' म्हणतात.

आता त्याच अर्थशास्त्रात तिला 'पी' ऐवजी 'बी' मिळाली असती तर? बेरीज १५४ झाली असती आणि सरासरी बरोबर ७. म्हणजे एका मोठ्या विषयात दोन पायऱ्या खाली आल्याने सरासरी घसरली ०.३६ ने.

पुढे चला. दुसरं वर्ष संपेपर्यंत चार सहामाह्या होतात. बाकीच्या तीन सहामाह्यांत तिची सरासरी ७ असेल आणि क्रेडिटही तेवढेच असतील, तर चारही मिळून सरासरी येते ६.९१. हिला 'सीजीपीए' म्हणतात. सातऐवजी सहा पॉइंट एक्क्याण्णव! ज्या ग्रेडसाठी पोर रात्रभर रडली, तिचा दोन वर्षांच्या सरासरीवर झालेला परिणाम एवढाच. एका महिन्याचा हप्ता कमी पडला म्हणून आपल्या वर्षभराच्या बचतीला कुणी शून्य म्हणत नाही, तसंच इथेही आहे.

बदली कुठून कुठे, हे आधी बघा

आता कॉलेज बदलण्याकडे वळू. 'घेतील का' या प्रश्नाचं उत्तर मुलगी कुठून कुठे जाणार यावर अवलंबून असतं. गावं जवळ आहेत की लांब, याला इथे महत्त्व नाही. विद्यापीठ एक आहे की वेगळं, हे बघायचं.

धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याची मुलगी बीडला लग्न होऊन गेली, तर अंतर बरंच आहे. पण धाराशिव आणि बीड हे दोन्ही जिल्हे छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येतात. विद्यापीठ एकच, म्हणून काम सोपं. तीच मुलगी शेजारच्या बार्शीला गेली, तर गाव जवळ, पण जिल्हा सोलापूर. सोलापूर जिल्ह्याचं वेगळं विद्यापीठ २००४ पासून आहे, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. बीड जिल्ह्यातल्या आष्टीची मुलगी जामखेडला गेली तरी तसंच. जामखेड अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात.

विद्यापीठ एकच असेल तर अभ्यासक्रम बहुधा सारखाच असतो. नव्या कॉलेजात तो विषय शिकवतात का आणि जागा शिल्लक आहे का, हे दोन मुख्य प्रश्न उरतात. मात्र जुनं किंवा नवं कॉलेज 'स्वायत्त' असेल, तर त्याचा अभ्यासक्रम त्यानेच ठरवलेला असतो. तिथे विषय जुळतात का हे बघावं लागतं.

विद्यापीठ बदलत असेल तर दोन गोष्टी वाढतात. एक, जुन्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, ज्याला कॉलेजात 'मायग्रेशन' म्हणतात. दोन, नवं विद्यापीठ मुलीची पात्रता तपासतं. तिने आतापर्यंत शिकलेले विषय आपल्या अभ्यासक्रमाशी किती जुळतात, ते ताडून बघतं. एखादा विषय जुळला नाही तर तो वेगळा करून द्यायला सांगू शकतं. तिथे तपासणारा माणूस पहिल्यांदा बघतो की मुलगी सगळ्या विषयांत उत्तीर्ण आहे का, आणि विषय जुळतात का. 'बी' आहे की 'पी', हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

खरी अडचण 'एफ'ची

म्हणून मैत्रिणींनो, 'पी'साठी झुरत बसू नका. पण 'एफ' असेल तर मात्र हयगय करू नका. कारण 'एफ' असलेल्या विषयाचे क्रेडिट जमाच होत नाहीत.

एटीकेटीवर पुढच्या वर्गात जाता येतं, पण त्याला मर्यादा असते. किती विषय राहिलेले चालतात, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं. बऱ्याच विद्यापीठांत तिसऱ्या वर्षात जायचं असेल तर पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले असावे लागतात. आणि एटीकेटी असलेल्या मुलीला दुसऱ्या विद्यापीठातून घ्यायला काही ठिकाणी सरळ नकार मिळतो. आपल्याच विद्यापीठात जी सवलत आहे, ती दुसऱ्या विद्यापीठात मिळेल असं धरून चालू नये. आधी विचारावं.

'एफ' आली असेल तर या क्रमाने जा.

पहिल्यांदा बघा, 'एफ' कशामुळे आली. एका विषयाचे गुण दोन भागांत असतात. एक कॉलेजने घेतलेल्या चाचण्या आणि प्रकल्पाचे, म्हणजे अंतर्गत गुण, आणि दुसरे लेखी परीक्षेचे. पुष्कळ ठिकाणी दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. कधी मुलगी लेखीत पास असते, पण अंतर्गत गुण चढवायचेच राहिलेले असतात. कधी परीक्षेला बसलेली असूनही 'गैरहजर' छापून येतं. अशा वेळी विषय शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना भेटायचं, कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्यायचा आणि त्या अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घ्यायची. तोंडी सांगून आलं की काम झालं, असं समजू नका.

दुसरं, लेखी पेपरातच कमी गुण असतील आणि मुलीला खात्री असेल की पेपर बरा गेला होता, तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागता येते आणि पुन्हा तपासणीसाठी अर्ज करता येतो. तपासलेली उत्तरपत्रिका पाहणं हा परीक्षा देणाऱ्याचा माहितीच्या अधिकारातला हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिलेला आहे. विद्यापीठाची स्वतःची झेरॉक्स देण्याची सोय असते, ती वापरावी. पण मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती निकाल लागल्यापासून मोजतात. मुलगी रडून शांत होईपर्यंत आणि घरातली चर्चा संपेपर्यंत ती मुदत निघून जाते. म्हणून निकालाच्या आठवड्यातच कॉलेजात जा. पुन्हा तपासणीत गुण वाढतातच असं नाही, हेही मुलीला आधी सांगून ठेवा.

तिसरं, यातलं काही लागू नसेल तर त्या विषयाचा परीक्षा फॉर्म लगेच पुढच्या परीक्षेला भरा. फॉर्म भरायची तारीख चुकली तर सहा महिने, कधी वर्ष जातं. लग्नाची तारीख ठरवताना आपण पंचांग बघतो. मुलगी शिकत असेल तर परीक्षेचं वेळापत्रकही शेजारी ठेवा. हळद आणि पेपर एकाच आठवड्यात आले, तर 'एफ' किंवा 'गैरहजर' ठरलेलंच.

आधी जागा, मग दाखला

आता एक फार महत्त्वाचा मुद्दा. कॉलेज बदलायचं म्हणून घाईने जुन्या कॉलेजातून दाखला, म्हणजे टी.सी., काढून घेऊ नका.

दाखला निघाला की जुन्या कॉलेजातला प्रवेश संपला. मग नव्या कॉलेजने 'जागा नाही' म्हटलं किंवा 'विषय जुळत नाही' म्हटलं, तर मुलगी ना इकडची राहते ना तिकडची. म्हणून आधी नव्या कॉलेजात जायचं. गुणपत्रकांच्या झेरॉक्स दाखवायच्या. प्राचार्यांच्या नावाने अर्ज द्यायचा, कोणत्या वर्षाला, कोणत्या विषयाला प्रवेश हवा आणि का हवा, एवढं साध्या मराठीत लिहायचं. ते 'हो' म्हणाले, आणि शक्य असेल तर तसं लेखी दिलं, की मगच जुन्या कॉलेजात दाखल्यासाठी अर्ज करायचा.

नव्या कॉलेजच्या कार्यालयात विचारायचे प्रश्न आम्ही इथे देतो. वहीत उतरवून घ्या.

एक, या वर्गात, या विषयाला जागा शिल्लक आहे का?
दोन, आमच्या मुलीच्या गुणपत्रकावर प्रवेश बसतो का? एटीकेटी असेल तर चालते का?
तीन, कोणता विषय जुळत नाही? तो पुढे कसा भरून काढायचा?
चार, बदलीच्या प्रवेशाची शेवटची तारीख कोणती?
पाच, कोणकोणते कागद लागतील आणि फी किती?
सहा, शिष्यवृत्ती चालू आहे, तिचं काय करावं लागेल?

शिष्यवृत्तीचा प्रश्न आवर्जून विचारा. महाडीबीटीवर मुलीचा अर्ज जुन्या कॉलेजच्या नावाने असतो. कॉलेज बदललं तर अर्जात काय बदल करायचा, हे दोन्ही कॉलेजांच्या लिपिकांना विचारून घ्या.

कागद लागतात ते साधारण असे. आतापर्यंतच्या सगळ्या सहामाह्यांची गुणपत्रकं, दहावी-बारावीची गुणपत्रकं, टी.सी., जुन्या कॉलेजचं काही देणं बाकी नसल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन, आधार कार्ड, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला असेल तर तो. मध्ये एखादं वर्ष शिक्षण थांबलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र मागतात, ज्याला 'गॅप' म्हणतात.

मूळ कागद कुठेही सोडून येऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्पष्ट सांगितलं आहे की प्रवेशाच्या वेळी मूळ प्रमाणपत्रं तपासून परत द्यायची, कॉलेजने ती अडकवून ठेवायची नाहीत. तसं कुणी ठेवून घेत असेल तर शांतपणे विचारा, "साहेब, हे ठेवून घेतल्याचं लेखी देता का?"

लग्नानंतरच्या नावाचाही प्रश्न येतो. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. दहावीपासूनची सगळी गुणपत्रकं माहेरच्या नावावर आहेत. पदवी हातात येईपर्यंत आधार आणि कॉलेजातलं नाव तेच राहू दिलं तर निम्मी धावपळ वाचते. नाव बदललंच असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि लागल्यास राजपत्रातली नोंद सोबत ठेवा.

क्रेडिटची बँक

नव्या शैक्षणिक धोरणात एक सोय आली आहे, ती आपल्या मुलींच्या कामाची आहे. जुलै २०२१ मध्ये 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू झाली. नावात बँक आहे, पण यात पैसे नसतात, शिकलेल्या विषयांचे क्रेडिट जमा होतात. मुलीच्या नावाने बारा आकडी क्रमांक मिळतो. डिजिलॉकरमधून तो काढता येतो. मुलगी ज्या विषयात पास झाली, त्याचे क्रेडिट कॉलेज आणि विद्यापीठ या खात्यात भरतात. ते जास्तीत जास्त सात वर्षं राहतात.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? एका विषयात 'एफ' आली म्हणून बाकीच्या विषयांचं शिकणं बुडत नाही. खात्यात जमा झालेलं जमाच राहतं. कॉलेज बदलण्याआधी मुलीला मोबाईलवर हे खातं उघडून बघायला सांगा. एखाद्या सहामाहीचे क्रेडिट भरायचे राहिले असतील तर जुन्या कॉलेजला सांगून भरून घ्या. नंतर सासरहून येऊन हे काम करणं जड जातं.

याच धोरणात पहिलं वर्ष पूर्ण करून, ठरवलेले जादा क्रेडिट मिळवून थांबलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर तसंच पदविका, अशी सोय आहे. ही सोय अडचणीत सापडलेल्या मुलीने रिकाम्या हाताने परतू नये म्हणून आहे. "प्रमाणपत्र मिळतंय ना, मग थांब आता," असं म्हणायला ती वापरू नका. तिसऱ्या वर्षापर्यंत जाऊ शकणारी मुलगी तिसऱ्या वर्षापर्यंत गेलीच पाहिजे.

कमी ग्रेड खरंच कुठे नडते?

ग्रेडला काहीच किंमत नाही, असं मात्र आम्ही म्हणत नाही. जिथे जागा थोड्या आणि मागणाऱ्या मुली जास्त, तिथे गुणांच्या क्रमाने यादी लागते. शहरातलं नावाजलेलं कॉलेज, संगणकासारखा मागणीचा विषय, अशा ठिकाणी ०.३६ चा फरकही मुलीला यादीत खाली ढकलू शकतो. अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा व्यावसायिक शिक्षणाचे नियम तर आणखी वेगळे आणि कडक असतात. तिथे साध्या पदवीचा अंदाज लावू नका, त्या कॉलेजातच विचारा.

पुढच्या शिक्षणासाठीही गुण बघतात. उदाहरणार्थ, बी.एड. करायचं असेल तर पदवीला किमान ५० टक्के लागतात. आपल्या राज्यात राखीव प्रवर्गासाठी ही अट ४५ टक्के आहे. म्हणून सगळ्याच विषयांत 'पी' येत असेल तर सावध व्हायला हवं. एका विषयातली 'पी' चालून जाते, प्रत्येक सहामाहीतल्या चार-चार 'पी' पुढे नडतात. काही विद्यापीठांत पास झालेल्या विषयाची ग्रेड सुधारायला पुन्हा परीक्षा देता येते, तेही विचारून घ्यावं.

आणि कमी ग्रेड आली तर मुलीला बोलण्याआधी घराकडे एकदा बघा. परीक्षेच्या महिन्यात तिला अभ्यासाला किती तास मिळाले? सोयाबीन काढणीला ती शेतात होती का? आजीच्या दवाखान्याच्या खेपा तिनेच घातल्या का? भाऊ अभ्यास करताना त्याला चहा नेऊन देणारी तीच होती का? अर्थशास्त्रातली 'पी' कधीकधी यातून आलेली असते. याचं उत्तर पुढच्या सहामाहीत तिच्या वाट्याचं काम कमी करून देता येतं.

रस्ता बंद झालाच तर

सगळं करूनही बदली जमली नाही, असंही होऊ शकतं. जागाच नसते, किंवा तारीख निघून गेलेली असते. तरी तीन वाटा उरतात.

पहिली वाट अशी, की जुन्या कॉलेजातच नाव ठेवायचं आणि हजेरीबद्दल प्राचार्यांशी आधीच बोलून घ्यायचं. शेवटचंच वर्ष असेल तर हा विचार जरूर करावा. काही महिने माहेरी राहून पदवी पूर्ण होत असेल, तर सासूबाईंनी आणि व्याह्यांनी एकत्र बसून ते ठरवावं. दुसरी वाट म्हणजे राहिलेला विषय आधी सोडवायचा आणि पुढच्या वर्षी बदली मागायची. तिसरी वाट मुक्त विद्यापीठाची. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं. त्याची अभ्यास केंद्रं राज्यभर आहेत. घरी अभ्यास करायचा, ठरलेल्या दिवशी केंद्रावर जायचं आणि परीक्षा द्यायची. तिथे बारावी पास मुलीला, आणि तुमच्यातल्या बारावी पास असलेल्या कुणालाही, पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मागची वर्षं धरली जातील का, हे केंद्रावर विचारावं.

गटाने करायचं काम

शेवटी गटासाठी एक काम सांगतो आणि थांबतो. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या झाल्या, की अर्धा तास काढा. गटातल्या ज्या ज्या घरी मुलगी किंवा सून कॉलेजात आहे, तिने तिची गुणपत्रकं आणायला सांगा. मुलीही येऊ द्या. आज सांगितलेली शिडी एका कागदावर लिहा, 'ओ' १० पासून 'एफ' शून्यापर्यंत. प्रत्येकीने आपापल्या मुलीचं गुणपत्रक त्या शिडीशी लावून बघावं. कुणाला इंग्रजी अक्षर वाचता येत नसेल तर शेजारचीने सांगावं. 'पी' कुठे आहे, 'एफ' कुठे आहे, कुणाचं कॉलेज बदलायचं आहे, कुणाची फॉर्मची तारीख जवळ आली आहे, हे गटाच्या वहीत लिहून ठेवा.

आणि ज्या मुलीचं कॉलेज बदलायचं आहे, तिच्यासोबत नव्या कॉलेजच्या कार्यालयात गटातल्या दोघीजणी जा. एकट्या मुलीला खिडकीवरून "उद्या या" सांगितलं की ती परत फिरते. सोबत वहीत सहा प्रश्न लिहून आणलेल्या दोन बाया असल्या की खिडकीतला माणूस कागद हातात घेऊन बघतो. त्याने काय सांगितलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमचे अनुभव ऐकवू.